परसातील अनाथ कोंबड्या व बदके

यात्रेतून किंवा आठवड्याच्या बाजारातून परतणाऱ्या मुलांच्या हातांत फुगे, पिपाण्या व भिंगऱ्या यांजबरोबर अलीकडे आणखी एक खेळणे दिसू लागले आहे. गुलाबी, हिरव्या, जांभळ्या रंगांत रंगविलेली कोंबडीची पिल्ले पाटीत भरून विकावयास येतात आणि अल्प किमतीस हातोहात खपतात. ती रंगविलेली का असतात व इतकी स्वस्त का मिळतात, हा प्रश्न विकत घेणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या मनात येत असेल. उत्तर साधे आहे, पण सुखाचे नाही. अंड्यांसाठी तयार केलेल्या जातीत जी पिल्ले जन्मतात त्यांतील निम्मी नर असतात. नर अंडी देत नाही. मांसासाठी वाढवावा तर त्या जातीचे अंग लवकर भरत नाही. म्हणून उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी माद्या एका बाजूस व नर दुसऱ्या बाजूस काढतात. माद्यांची रवानगी पिंजऱ्यांकडे होते. नरांपैकी पुष्कळ तेथेच मारले जातात व काहींस रंग लागून ते यात्रेत पोचतात. जर्मनीने एक दिवसाच्या नर पिल्लांची ही हत्या २०२२ च्या प्रारंभापासून कायद्याने बंद केली असून, अंडे उबत असतानाच आत नर आहे की मादी हे ओळखण्याच्या युक्त्या तेथे वापरात आल्या आहेत.

रंगीत पिल्लांपैकी बहुतेक आठवडाभरात थंडीने, उपासाने अथवा अति कुरवाळण्याने मरतात. एखादे जगते, त्याचा रंग पिसांबरोबर झडून जातो, आणि पांढरा कोंबडा अंगणात आरवू लागतो. दोंडाईचा हे गाव अर्धे शहर व अर्धे खेडे असल्यामुळे येथे परसे अजून शिल्लक आहेत. आणि ज्या घरी परस आहे त्या घरी मुलांच्या हट्टापायी, नाहीतर शेजाऱ्याच्या भिडेपायी, असे पक्षी हळूहळू गोळा होतात. गाडीतून रस्त्यावर पडलेली ब्रॉयलर कोंबडी, अंडी कमी झाली म्हणून काढून टाकलेली पिंजऱ्यातील कोंबडी, हौसेने आणून पुढे नकोसे झालेले बदक, असा हा मेळा असतो. आम्हीही असा एक लहानसा कळप बाळगून आहो. त्याचे कौतुक येथे करावयाचे नाही. परंतु अशा कळपात निम्मे काम माया लावण्याचे असते व निम्मे एकास दुसऱ्यापासून दूर ठेवण्याचे. पहिले कोणासही येते. दुसरे शिकावे लागते, आणि ते न शिकल्यास वाचविलेला पक्षी आपल्याच अंगणात मरतो व जुन्या पक्ष्यांसही बरोबर नेतो. आमच्या विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी एवढ्यासाठी या विषयाकडे थोडे लक्ष द्यावे.

पिंजऱ्यातून आलेल्या कोंबडीकडे प्रथम पाहू. सर्व पाळीव कोंबड्यांची मूळ माता जी लाल रानकोंबडी, ती वर्षाकाठी मोजकी दहा-पंधरा अंडी घालते. आपली गावठी कोंबडी साठ ते ऐंशी देते. व्यापारी जातीची कोंबडी मात्र वर्षाला तीनशेच्या घरात जाते. एवढ्या कवचांना लागणारा चुना खाद्यातून पुरा पडला नाही म्हणजे तो तिच्या हाडांतून निघतो. ७२ ते ८० आठवड्यांची झाली की तिची अंडी उतरू लागतात, खाद्याचा खर्च भरून येईनासा होतो, आणि तिला काढून टाकतात. वयाने ती दीड वर्षाची असते; हाडांनी म्हातारी झालेली असते. म्हणून तिला पायांस किंवा पंखांस धरून कधीही उचलू नये, दोन्ही हातांनी पंख अंगाशी दाबून उचलावे. बसावयाची काठी जमिनीपासून वीतभरच उंच ठेवावी, कारण उंचावरून उडी मारताना तिचे हाड मोडण्याचा संभव असतो. पिंजऱ्यात एकमेकींस टोचू नये म्हणून लहानपणीच चोचीचे टोक कापलेले असते. अशा बोथट चोचीने सपाट फरशीवरचा दाणा उचलता येत नाही. दाणा खोलगट भांड्यात दोन बोटे थर होईल असा द्यावा. शिंपल्यांचा किंवा अंड्याच्या भाजलेल्या टरफलांचा भरड चुरा वेगळ्या वाटीत सदैव ठेवावा. तिला हवा तेव्हा ती खाते.

अशी कोंबडी पहिले काही दिवस कोपऱ्यात उभी राहते. पायाखाली माती आली म्हणजे काय करावयाचे हे तिला कोणी शिकविलेले नसते. तथापि एके दिवशी ती खाली बसते, एका कुशीवर कलंडते व धूळ पंखांत उडवू लागते. ही विद्या जन्माची असते, ती पिंजऱ्यात वापरावयास मिळालेली नसते इतकेच. इंग्लंडात अशा कोंबड्यांस घरोघर आश्रय मिळवून देणारी ब्रिटिश हेन वेल्फेअर ट्रस्ट ही संस्था २००५ मध्ये निघाली व तिने लक्षावधी कोंबड्यांची सोय लावली आहे. जाता जाता एक गंमत सांगण्यासारखी आहे. कोंबडीचे पाय पिवळे दिसतात तो रंग लाल रानकोंबडीचा नव्हे; तो आपल्या सह्याद्रीत राहणाऱ्या राखी रानकोंबडीकडून आला, असे २००८ साली आनुवंशिक तपासणीवरून सिद्ध झाले.

ब्रॉयलरची कथा याच्या उलट. सहा आठवड्यांत दोन किलोंहून अधिक वजन व्हावे अशा रीतीने ती जात घडविली आहे, त्यापुढे जगावे हा विचार तिच्या घडणीत नाही. पायांस व हृदयास ते ओझे पेलत नाही. तिच्यापुढे भांडे भरून ठेवणे ही दया नव्हे. तिला मोजून द्यावे, दिवसातून दोनदा द्यावे, आणि दाणे अंगणभर फेकावे म्हणजे ती चालेल. बसावयास काठी नको, कोरडी मऊ जमीन हवी. इतके करूनही ती बहुधा फार वर्षे काढत नाही, हे मुलांस आधीच सांगून ठेवलेले बरे.

बदक हा तर निराळाच प्राणी. पाळीव बदकांच्या बहुतेक जाती मलार्ड नावाच्या रानबदकापासून झाल्या. जिला मस्कोव्ही म्हणतात ती तेवढी दक्षिण अमेरिकेतील. अंड्यांसाठी प्रसिद्ध असलेले खाकी कॅम्पबेल बदक इंग्लंडातील ग्लॉस्टरशायरमध्ये अ‍ॅडेल कॅम्पबेल या बाईंनी एकोणिसावे शतक संपता संपता तयार केले. ते अंड्यांत व्यापारी कोंबडीच्या बरोबरीस येते. कोंबडीचे अंडे २१ दिवसांत फुटते, बदकाचे २८ व मस्कोव्हीचे ३५ दिवसांत. पाळीव बदकाची मादी पुष्कळदा अंड्यांवर नेटाने बसत नाही, म्हणून खेड्यांत तिची अंडी कुडक कोंबडीखाली ठेवण्याची जुनी चाल आहे. कोंबडी एक आठवडा जास्त बसते व कुरकुर करीत नाही. पिल्ले प्रथम पाण्यात उतरली म्हणजे मात्र ती काठावरून धावत जो आकांत करते तो पाहण्यासारखा असतो.

आता जी गोष्ट सांगावयाची ती आमच्या प्रांताची आहे. तापीच्या खोऱ्यातून सुरतेकडे जाणाऱ्या ज्या लोहमार्गावर दोंडाईच्याचे स्टेशन आहे, त्याच मार्गावर नंदुरबारच्या पलीकडे नवापूर लागते. १८ फेब्रुवारी २००६ रोजी नवापूरच्या कोंबड्यांत एच५एन१ या विषाणूचा बर्ड फ्लू असल्याचे, भोपाळच्या प्रयोगशाळेतील तपासणीवरून, जाहीर झाले. भारतातील पाळीव पक्ष्यांत हा रोग आढळल्याची ती पहिली नोंद होय. थोड्याच दिवसांत लाखो कोंबड्या मारून खड्ड्यांत पुरण्यात आल्या. मार्च महिन्यात रोग जळगाव जिल्ह्यात निघाला, आणि तेथे तो मोठमोठ्या पोल्ट्रींत नव्हता. खेड्यांतील परसांत हिंडणाऱ्या कोंबड्यांत होता. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापुरावर तीच आपत्ती पुन्हा कोसळली. रोग निघालेल्या जागेभोवती ठराविक टापूतील, २०२१ साली १ किलोमीटर त्रिज्येतील, पाळीव पक्षी सरकारी हुकुमाने मारले जातात. निरोगी दिसणारी, नाव ठेवलेली, मुलांच्या तळहातावरचे दाणे खाणारी कोंबडीही त्यातून सुटत नाही. सरकार भरपाई देते. परंतु ज्या घरी तीन कोंबड्यांवर मुलाच्या वह्यांचा खर्च भागत असेल तेथे ती येईपर्यंत अडचण होतेच.

या हुकुमावर पुष्कळांचा रोष असतो. परंतु त्याचे कारण बदकाकडे पाहिले म्हणजे उमगते. हा विषाणू मूळ पाणपक्ष्यांत राहणारा. कोंबडीच्या अंगात शिरला म्हणजे बहुधा दोन-तीन दिवसांत ती मरते. बदक मात्र कित्येकदा आजारी न दिसता तो अंगात बाळगते व विष्ठेतून पाण्यात सोडीत राहते. नेहमी असेच होते असेही नाही. २०१४ मध्ये केरळातील कुट्टनाड भागात याच रोगाने बदके मोठ्या संख्येने मेली. म्हणजे धडधाकट दिसणारे बदक हा निरोगीपणाचा दाखला नव्हे, आणि बदके व कोंबड्या एकाच डबक्याचे पाणी पीत असतील तर एकाची गुप्त ठेव दुसऱ्यास मिळण्यास वेळ लागत नाही. माणसास हा रोग क्वचित होतो, परंतु झाल्यास भयंकर असतो. जुलै २०२१ मध्ये हरियाणातील एक मुलगा या रोगाने दिल्लीच्या एम्स रुग्णालयात दगावला. नीट शिजविलेल्या मांसात व अंड्यांत मात्र, ७० अंश उष्णता आतपर्यंत पोचली म्हणजे, हा विषाणू जिवंत राहत नाही.

यावरून नव्या पक्ष्याच्या बाबतीत नियम आपोआप ठरतात. जेथे पक्षी अकस्मात मरू लागले आहेत तेथून कीव येऊन एकही पक्षी उचलू नये. ती माहिती पशुवैद्यकीय दवाखान्यास द्यावी, किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे; प्राण्यांच्या साथीच्या रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्याने हे कळविणे मालकाचे कर्तव्यच केले आहे. मेलेला पक्षी नदीत, अमरावतीच्या पात्रातही, टाकू नये. एरवी जो पक्षी घरी येईल तो जुन्या कळपापासून निदान ३० दिवस अलग ठेवावा, आणि अलग म्हणजे जाळीच्या पलीकडे नव्हे, अंगणाच्या दुसऱ्या टोकास. त्याचे भांडे निराळे, त्याचा झाडू निराळा. रोज आधी जुन्या पक्ष्यांचे काम उरकावे व मग नव्याकडे जावे; उलट क्रम कधी करू नये. चपला निराळ्या ठेवल्यास उत्तम, कारण रोग पायांनीच अधिक फिरतो. हात साबणाने धुवावे. अगदी लहान मुलांस पिल्लांचे मुके घेऊ देऊ नये. निरोगी पिल्लाच्या अंगावरही जुलाब लावणारे साल्मोनेला जंतू असतात.

एवढे दिवस कशाला, असे ज्यांस वाटेल त्यांनी मानमोडीचा विचार करावा. हिलाच राणीखेत रोग म्हणतात. कुमाऊँतील राणीखेत येथून १९२८ मध्ये तिची हकीकत प्रसिद्ध झाल्यामुळे ते नाव पडले, इंग्रज तिला न्यूकॅसल म्हणतात. कोंबडी मान पिरगाळते, हिरवट हगवण लागते, आणि एका आठवड्यात गल्लीतील खुराडी रिकामी होतात. येथेही बदक सहसा आजारी पडत नाही. तिच्यावर उपचार नाही, लस आहे; लहान पिल्लास ती डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात व सहा ते आठ आठवड्यांनी टोचतात. नव्या पक्ष्यास अलग ठेवण्याच्या मुदतीतच ती दवाखान्यात विचारून देवविता येते.

मुदत संपली, पक्षी धडधाकट निघाला. तरी कोंबड्या व बदके एकत्र सोडून दिली म्हणजे काम झाले असे नाही. यांचे स्वभाव पहा. एकीस अंघोळीला धूळ लागते, दुसऱ्यास पाणी. एक काठीवर झोपते, दुसरे जमिनीवर. कोंबडी संध्याकाळी रातांधळी होऊन गप्प बसते. बदक रात्री अर्धे जागे असते व चिखल उकरावयास मिळाल्यास त्यास फार आनंद होतो. बदकास दाणा गिळताना पाणी जवळ हवेच, नाहीतर घास अडकतो. शिवाय नाकपुड्या व डोळे धुण्यासाठी सबंध डोके बुडेल एवढे खोल पाणी हवे. त्यासाठी तळे खणावे लागत नाही, एक घमेले पुरते. परंतु त्या घमेल्याभोवती घटकाभरात जी राड होते ती कोंबडीच्या जिवावर उठते. ओल्या, उबदार अंथरुणात रक्ती हगवणीचे जंतू पिकतात, आणि लहान कोंबड्या त्याने झपाट्याने मरतात. म्हणून बदकांचे पाणी परसाच्या उताराच्या टोकास, खडीच्या थरावर ठेवावे, व तेथून सांडपाणी केळीस किंवा अळवास जाऊ द्यावे. बदकांच्या घमेल्यातील पाण्यासारखे खत अळवास दुसरे मिळणार नाही. कोंबड्यांसाठी दुसऱ्या बाजूस, पावसाचे पाणी पोचणार नाही अशा आडोशास, राख व बारीक माती यांचा ढीग असावा. पिसांतील उवा मारण्याचा तो त्यांचा उपाय आहे. रात्री दोघांचे खण वेगळे ठेवावे, निदान मध्ये फळी तरी असावी.

खाद्यातही हाच भेद आहे आणि आमच्या भागात तो विशेष जाणवतो. येथे मका पुष्कळ पिकतो. दोंडाईच्यात मक्यापासून स्टार्च काढण्याचा कारखाना आहे. ज्वारी, बाजरी घरोघर असते. साहजिकच पक्ष्यांपुढे मक्याची किंवा ज्वारीची भरड पडते. कोंबडी तीवर, किडे-मुंग्या वेचून, कसेबसे भागविते. बदकाच्या पिल्लाचे मात्र पाय वाकडे होतात, गुडघा सुजतो, ते फरफटत चालते, आणि लोक म्हणतात की त्यास वारा लागला. वारा लागलेला नसतो. नायसिन नावाचे जे जीवनसत्त्व आहे ते बदकाच्या पिल्लास किलोभर खाद्यात सुमारे ५५ मिलिग्रॅम लागते. कोंबडीच्या पिल्लास ३५ च्या आसपास पुरते. मक्यातील नायसिन असे बांधलेले असते की ते पोटात सुटे होत नाही. माणसांसही हे चुकलेले नाही. केवळ मक्यावर जगणाऱ्यांस पेलाग्रा हा त्वचेचा व मेंदूचा रोग जडत असे. दख्खनच्या पठारावर तो ज्वारी खाणाऱ्या गरिबांतही दिसे. त्याचे कारण डॉ. सी. गोपालन व त्यांचे सहकारी यांनी १९६० च्या सुमारास हैदराबादेस, जी प्रयोगशाळा पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली तीत, शोधले. तेव्हा बदकाच्या पिल्लास भरडीबरोबर यीस्ट, वाळलेल्या मासळीचा चुरा, किंवा भुईमुगाची पेंड थोडी द्यावी. खानदेशात पेंड सहज मिळते व नायसिन तीत भरपूर असते.

मात्र पेंड ताजी व कोरडी पाहिजे, आणि येथे आम्ही वाचकांस थोडे थांबवू इच्छितो. १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगाने मेले, बदकांची पिल्लेही मेली. शोध करता करता ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत माग लागला. तीवर एक हिरवट बुरशी आली होती व त्या बुरशीचे विष यकृत जाळीत होते. त्या विषास पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. बदकाचे पिल्लू त्यास इतके नाजूक असते की विष आहे किंवा नाही हे ठरविण्यासाठी शास्त्रज्ञ बदकाच्या पिल्लांवरच परीक्षा करीत. हे सारे परदेशचे झाले. परंतु १९७४ च्या अखेरीस गुजरात व राजस्थान यांच्या सीमेवरील भिल्ल वस्त्यांत अवेळी पावसाने भिजलेला मका खाल्ल्यामुळे ३९७ माणसे कावीळ होऊन आजारी पडली व त्यांतील १०६ मेली. त्यांच्याबरोबर तेच अन्न खाणारी कुत्रीही मेली. भिजलेला, काळा पडलेला दाणा “माणसाला नको, पक्ष्यांना टाका” असे म्हणून परसात फेकण्याची जी चाल आहे ती म्हणूनच वाईट. वास आलेली पेंड व गाठी झालेली भरड खड्ड्यात पुरावी. प्रमाण विचाराल तर मोठ्या कोंबडीस रोज सुमारे ११० ते १२० ग्रॅम खाद्य लागते, बदकास १५० ग्रॅम किंवा थोडे अधिक. पालापाचोळा व किडे मिळत असतील तर काही बचत होते.

उन्हाळ्याविषयी थंड मुलखातील पुस्तके फारसे सांगत नाहीत, आणि आमच्याकडे तर खरी परीक्षा तीच. वैशाखात येथे पारा ४२ अंशांच्या वर जातो. पक्ष्यास घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणे हाच त्याचा पंखा. कोंबडी पंख अंगापासून दूर धरून उभी राहिली, तुरा फिका पडला, म्हणजे समजावे की वेळ थोडा आहे. पत्र्याखाली खुराडे असेल तर पत्र्यावर कडबा किंवा पऱ्हाट्या पसराव्या, बाजूंस ओले गोणपाट सोडावे, पाणी मातीच्या भांड्यात निंबाच्या सावलीस ठेवून दुपारी बदलावे. भर दुपारी दाणा देऊ नये. पचनाची उष्णता त्यात भर घालते. सकाळी उजाडताच व ऊन कलल्यावर द्यावा. धापा टाकणाऱ्या कोंबडीचे पाय थंड पाण्यात धरले तर ती पुष्कळदा सावरते. बदकास घमेले असले की ते मजेत असते, पण घमेल्यातील पाणी दुपारी चहासारखे तापते हे विसरता कामा नये. ब्रॉयलर जी मरते ती बहुधा याच दिवसांत मरते.

खुराड्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, गावोगावच्या म्हाताऱ्या बायांस ते आमच्यापेक्षा चांगले कळते. रात्रीसाठी कोंबडीमागे दोन चौरस फूट व बदकामागे चार धरावे. कोंबड्यांची म्हणून विकतात ती षट्कोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबडीस आत ठेवते, मुंगसास बाहेर ठेवीत नाही. अर्ध्या इंचाची जाड जाळी घ्यावी व ती जमिनीत हातभर पुरावी. मातीच्या भिंतीस फटी असतील तर त्यांत गोचीड दडून राहते, रात्री बाहेर येऊन रक्त पिते व दिवसा शोधून सापडत नाही. कोंबड्या विनाकारण वाळत चालल्या तर एकदा कंदील घेऊन रात्री भिंत पहावी. फटी लिंपून चुना दिला की पुष्कळ काम होते.

नवा पक्षी जुन्यांत मिसळण्याची एक युक्ती आहे. थोर्लेफ शेल्डरुप-एबे नावाच्या एका नॉर्वेजियन मुलास लहानपणी कोंबड्यांचा नाद होता. कोणती कोंबडी कोणास टोचते हे तो टिपून ठेवी. मोठेपणी, १९२१ च्या सुमारास, त्याने दाखवून दिले की कळपात प्रत्येकीची पायरी ठरलेली असते; पहिली सर्वांस टोचते, शेवटची कोणासच टोचीत नाही, आणि पायऱ्या एकदा ठरल्या म्हणजे भांडण थांबते. नवी कोंबडी आली की सगळा हिशोब पुन्हा मांडावा लागतो. एकटी आली तर सर्वांचा मार एकटीवर पडतो. म्हणून शक्य तर दोन-दोन आणाव्या, आठवडाभर जाळीआडून एकमेकींस पाहू द्यावे, आणि रात्री सर्व झोपल्यावर काठीवर नेऊन बसवावे. दाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवावी, म्हणजे खालच्या पायरीवरची उपाशी राहत नाही.

या पायऱ्यांत बदके नसतात. त्यांची भांडणे त्यांच्यापुरती. अपवाद नर बदकाचा. माद्या पुरेशा नसल्या की तो कोंबड्यांच्या मागे लागतो, त्यांस पाण्यात दाबतो व अशी इजा करतो की कोंबडी दगावते. एका नरामागे चार-पाच बदके असावी. दोन नर व एक मादी असा गोतावळा कोणी आणून दिला तर नरांस कायमचा वेगळा खण द्यावा. यात्रेतील रंगीत पिल्लांचेही तसेच. ती बहुतेक नर असल्यामुळे सहा महिन्यांनी अंगणात चार कोंबडे व रोजचे रक्त, अशी वेळ येते. वेगळी जागा नसेल तर दुसरे पिल्लू आणू नये. कित्येक लोक कंटाळून बदके धरणावर किंवा तळ्यावर नेऊन सोडतात व त्यास मोकळे केले म्हणतात. पाळीव बदकास उडता येत नाही. रात्री कुत्री त्याचा निकाल लावतात, आणि तत्पूर्वी हिवाळ्यात दूरदेशाहून आलेल्या रानबदकांशी रोगांची देवघेव होऊन जाते ती निराळीच.

खर्चाचा हिशोब पालकांनी आधी मांडावा. काढून टाकलेली कोंबडी आठवड्यास दोन-तीन अंडी देते, काही महिने मुळीच देत नाही. त्यांवर खाद्याचे पैसे निघतील असे समजू नये. ज्या घरी उन्हाळ्यात पाणी दिवसाआड येते तेथे बदक आणू नये, कोंबड्यांवर समाधान मानावे. आणि वयाचाही विचार करावा. गावठी कोंबडी सहा-आठ वर्षे जगते, बदक दहा वर्षांपर्यंतही जाते. इयत्ता पाचवीतील मुलाने आणलेले बदक तो दहावी होऊन दुसऱ्या गावी शिकावयास गेल्यावरही परसात असेल, आणि त्याचे घमेले तेव्हा रोज कोणी धुवावयाचे हे ते आणण्याच्या दिवशीच घरात ठरलेले असावे.